वादळाकडे पाठ करून चौदा वर्षं

व्हर्लिन क्रॅटोकविल या माणसाने चौदा वर्षं, दर जूनमध्ये, आमच्या कॉलेजच्या पोरांना टोर्नाडो दाखवायला नेलं आणि स्वतः एकही पाहिला नाही. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "का? आंधळा आहे का तो?" आंधळा नाही. ड्रायव्हर आहे.

आमच्या हवामानशास्त्र विभागात उन्हाळ्याचा एक अभ्यासक्रम असतो. दहा दिवस, बारा विद्यार्थी, पंधरा सीटांची एक व्हॅन, एक प्राध्यापक आणि मी. ढगांच्या मागे धावायचं, फोटो काढायचे, घरी येऊन त्यावर वीस पानं लिहायची आणि मार्क घ्यायचे. जगात लोक वादळ आलं की तळघरात जातात, आम्ही फी भरून त्याच्याकडे जातो. प्राध्यापक म्हणजे डॉक्टर लोवेल टिमरमन. मी टेस, त्यांची सहाय्यक. ड्रायव्हरच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं आणि डावीकडे-उजवीकडे सांगायचं, हे माझं काम. मी हे तीन वर्षं केलं. माझा प्रबंध टिमरमन सरांच्या सहीवर अडलेला होता, त्यामुळे डावीकडे कुठे आहे हे मी फार काळजीपूर्वक सांगायचे.

आता आमचा एक नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. वादळाजवळ गाडी थांबली की तिचं तोंड पळायच्या रस्त्याकडे हवं. इंजिन चालू, दारं उघडी, ड्रायव्हर सीटवर. पोरं उतरून कुंपणापाशी धावतात, ओरडतात, एकमेकांना मिठ्या मारतात, कुणी रडतंही. टिमरमन सर हात पसरून उभे राहतात, जणू तो टोर्नाडो त्यांनीच बनवून आणलाय. आणि व्हर्लिन स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतो. मागची काच छतापर्यंत बॅगांनी भरलेली. बाजूच्या आरशात दिसतात त्या पोरांच्या पाठी.

"चौदा वर्षांत मी दीडशे पाठी बघितल्यात," तो मला एकदा म्हणाला. "कुणाचा शर्ट कुठे उसवलाय ते विचार."

जाताना समोर दिसत नाही का, असं लोक विचारतात. जाताना पाऊस असतो, गारा असतात, आणि समोर एखादा ट्रॅक्टर निवांत चाललेला असतो. दोनदा असं झालं की सगळी व्हॅन "डावीकडे! डावीकडे बघा!" म्हणून किंचाळली. व्हर्लिनने डावीकडे बघितलं नाही. त्याआधी सव्वीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती, आणि मागे पोरं ओरडायला लागली की नजर रस्त्यावर आणखी घट्ट रोवायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

"अहो, पण पोरं खाली उतरल्यावर तरी मान वळवा की," मी म्हटलं होतं.

"तेव्हा तर मुळीच नाही. कुणी रस्त्यात गाडी आडवी लावली तर? मग काय, हवामानशास्त्र सांगणार त्याला?"

हेही खरंच होतं. माझ्या पहिल्याच वर्षी वादळांच्या मागे हिंडणाऱ्या एका हौशी माणसाने आमच्या सुटकेच्या रस्त्यावर मधोमध गाडी उभी करून तिच्या टपावर खुर्ची मांडली. व्हर्लिनने हॉर्नवर हात दाबून धरला आणि त्याला खुर्चीसकट हलवलं. चार मिनिटांनी आम्ही त्याच रस्त्याने सुसाट निघालो. बारा पोरांनी त्या दिवशी टोर्नाडोवर वीस-वीस पानं लिहिली. हॉर्नवर एक ओळही नव्हती.

गावात मात्र याला कवडीची किंमत नाही. नेब्रास्कातल्या आमच्या गावात सकाळी सहा वाजता शेतकरी सहकारी दुकानात कॉफीचं टेबल भरतं. तिथे व्हर्लिनचा मेहुणा एल्डन बसतो. एल्डनने आयुष्यात गाव सोडलेलं नाही आणि घराच्या ओसरीवरून तीन टोर्नाडो बघितलेत. त्यातला एक दाढी करताना. व्हर्लिन दर जूनअखेर दोन हजार मैल तुडवून परत आला की एल्डन कप खाली ठेवतो, सगळं टेबल गप्प होईपर्यंत थांबतो आणि विचारतो, "मग भाऊ, काय बघितलंस?" व्हर्लिन म्हणतो, "रस्ता." टेबल हसतं. चौदा वर्षं तोच विनोद, आणि चौदा वर्षं तेवढंच हसणं. आमच्याकडे करमणुकीची साधनं कमी आहेत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्लिनला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. सत्तरीनंतर विद्यार्थ्यांची गाडी चालवायची नाही, असा कॉलेजच्या विमावाल्यांचा नियम. नियम बनवणाऱ्यांचं सरासरी वय तिशीच्या आत असावं. म्हणजे ही शेवटची फेरी. निघायच्या दिवशी तो टायरमधली हवा तपासत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "टेस, या वेळी एक बघायचाय मला."

मी तीन वर्षांत या माणसाच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं ऐकलं नव्हतं. मोटेलात खोली कमी पडली तर तो व्हॅनमध्ये झोपायचा आणि सकाळी सांगायचा की तिथेच बरं असतं. मी लगेच टिमरमन सरांकडे गेले.

"अर्थात! अर्थात!" सर म्हणाले. "आपण सगळेच बघणार आहोत." मग माझा चेहरा बघून त्यांना नीट कळलं. योजना ठरली. टोर्नाडो दिसला की व्हर्लिनने उतरायचं, सरांनी स्वतः सीटवर बसायचं, पूर्ण पाच मिनिटं. बारा पोरांनी शपथ घेतली. ओर्टेगांची डेव्हिना, जी वर्गात सगळ्यांत हुशार आणि तोंडाने सगळ्यांत फटकळ, ती म्हणाली, "सर, तुम्ही खरंच पाठ करून बसाल?" सर म्हणाले, "मी शब्द दिलाय." सगळी व्यवस्था चोख झाली. फक्त टोर्नाडोला कुणी कळवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दोन मामुली गारांच्या सरी. मग आकाशावर उच्च दाबाचा पट्टा येऊन बसला, आणि असा बसला की जावई सासरी बसावा. निळं. सकाळी निळं, दुपारी निळं, संध्याकाळी गुलाबी होऊन पुन्हा दुसऱ्या दिवशी निळं. टेक्सासपासून डकोटापर्यंत लोक आकाशाकडे बघून म्हणत होते, काय सुरेख दिवस आहे. आमच्या व्हॅनमध्ये सुतक.

वादळ नसलं की वादळवाले काय करतात? प्रवास करतात. याला आमच्याकडे 'योग्य जागी असणं' म्हणतात. शनिवारी पश्चिमेला काहीतरी होईल असं सकाळचा नकाशा सांगतो, म्हणून तीनशे मैल पश्चिमेला जायचं. तिथे पोचल्यावर संध्याकाळचा नकाशा म्हणतो दक्षिणेला, म्हणून उद्या दक्षिणेला. परवा सर म्हणतात की उत्तरेचा विचार आपण फार लवकर सोडला. सहा दिवसांत आम्ही चार राज्यांत साडेएकोणीसशे मैल फिरलो, आणि त्यात गाडीवर ढगाची सावली एकदाही पडली नाही. एकदा पडली, पण ते धान्याचं कोठार निघालं.

मधल्या वेळात ज्ञानार्जन. कॅन्ससमध्ये जगातला सर्वांत मोठा सुतळीचा गोळा आहे, तो बघितला. त्याला आपणही थोडी सुतळी गुंडाळायची असते. बारा जणांनी रांगेत उभं राहून गुंडाळली. कॉल्बी नावाच्या पोराला तर गहिवरून आलं. मग काटेरी तारेचं म्युझियम. दोन हजार प्रकारच्या काटेरी तारा, प्रत्येकीखाली सनावळी. सर म्हणाले, "यातही हवामान आहे. वाऱ्याने तारा कशा तुटतात ते बघा." डेव्हिना म्हणाली, "सर, मलाही आता तसंच तुटल्यासारखं वाटतंय."

जेवण पेट्रोलपंपावर. पंपाच्या काचेच्या कपाटात दिव्याखाली सकाळपासून फिरणारे सॉसेज, काठीवर लावलेले, आणि थंडगार मैद्याच्या गुंडाळ्या. तिसऱ्या दिवशी निम्म्या व्हॅनची पोटं बिघडली. व्हर्लिन यातलं काही खायचा नाही. त्याच्याजवळ बायकोने, लव्हिनाने, दिलेला पत्र्याचा डबा असायचा, त्यात खसखशीच्या आणि जर्दाळूच्या कोलाची, म्हणजे सारण भरलेले मऊ गोड पाव. आमच्याकडची चेक घरं अजून तशीच भाजतात. पोटं बिघडलेल्यांना तो एकेक द्यायचा आणि पुढे म्हणायचा, "हळू खा. पुढचा संडास बावन्न मैलांवर आहे."

संध्याकाळी मोटेलच्या तरणतलावाकाठी तो पोरांना पत्ते शिकवायचा. पिच हा आमच्याकडचा खेळ, चार जणांचा, आणि त्यात व्हर्लिन दिसतो तितका गरीब नाही. कॉल्बीला तीन दिवस सलग हरवून तो म्हणाला, "पोरा, तुझ्या हातात काय आहे ते तुझ्या भुवया सांगतात. भुवया घरी ठेवून ये."

व्हॅनमध्ये 'टोर्नाडो' हा शब्द उच्चारायचा नाही, असाही एक दंडक आहे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. 'तो' म्हणायचं. "तो येईल का?" "तो शनिवारी येईल." बाहेरच्या कुणी ऐकलं तर वाटावं, बारा जणांचं एकाच माणसाशी लग्न ठरलंय आणि तो माणूस पळून गेलाय. विज्ञान शिकणारी मुलं ही. उष्णतेची समीकरणं तोंडपाठ, आणि कॉल्बीने निघाल्यापासून अंगातला हिरवा शर्ट धुतला नव्हता, कारण मागच्या वर्षी त्याच शर्टात त्याला 'तो' दिसला होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी व्हर्लिन काच पुसत होता. समोरच्या काचेवर सहा दिवसांचे किडे वाळून बसले होते. सूर्य मावळत होता आणि आकाशात म्हणाल तर एक चिमूटभर ढग नव्हता.

"तेवढं एक झालं असतं ना, टेस, तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "एल्डनचं जाऊ दे, तो बोलणारच. पण मी मरेपर्यंत लोकांना तिथवर सोडून आलो असं होईल. दाराशी सोडायचं आणि आपण बाहेर थांबायचं."

मी म्हटलं, "अजून शनिवार आहे." मला फार वाईट वाटत होतं, आणि माझ्या तोंडून आला तो नकाशा.

आठव्या दिवशी सकाळी शनिवारची आशाही गेली. मोटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर, वॉफल भाजायच्या यंत्राशेजारी, सरांनी लॅपटॉप उघडला आणि नवा नकाशा तीनदा उघडून बघितला. शनिवारची सगळी वादळं वर मोंटाना ओलांडून कॅनडात निघाली होती. तिथे पोचायला पासपोर्ट लागला असता आणि बारातल्या पाच जणांकडे तो नव्हता.

"तर मित्रहो," सर म्हणाले, "आपल्यापुरता हंगाम संपला. आज रमतगमत निघायचं, उद्या घरी. आज आकाशात काहीही होणार नाही. शब्दशः काहीही नाही. आजचा दिवस विश्रांतीचा."

व्हर्लिन कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफी पीत होता. त्याने ऐकलं. कप धुऊन जागेवर ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीचं तेल तपासू लागला. गाडीला तेल कमी असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

आता हंगाम संपला म्हटल्यावर कॉल्बीच्या शर्टाला कुणाचं संरक्षण उरलं नाही. कोलोरॅडोच्या ईशान्य कोपऱ्यातून घराच्या दिशेने जाताना, भर दुपारी, व्हॅनमध्ये मतदान झालं.

"धुतला तर सगळं संपेल," कॉल्बी म्हणाला.

"न धुता काय दिसलं रे तुला?" डेव्हिना म्हणाली. "सुतळी?"

अकरा विरुद्ध एक. वाटेत हॅल्डन नावाचं गाव लागलं. एक धान्याचं कोठार, एक चर्च, एक पंप आणि नाणी टाकून कपडे धुवायचं एक दुकान. सगळ्यांनीच सगळे कपडे काढले, म्हणजे बॅगांतले. पंधरा यंत्रं आमच्याच कपड्यांनी फिरू लागली. सुकवण्याची यंत्रं इतका आवाज करत होती की बोलायचं तर ओरडूनच. दुकानाला मोठी काच होती, छान उत्तरेकडे उघडणारी, पण ती जाहिरातींनी पार भरून गेली होती: हरवलेलं मांजर, गवताचे गठ्ठे विकणे आहेत, चर्चमध्ये शुक्रवारी मासे. सरांनी त्यातलाच एक कागद सोडवला, त्याच्या पाठीवर आकृती काढली आणि आठ दिवस काहीच का झालं नाही यावर व्याख्यान सुरू केलं. बारा जण फोनवर नकाशे उघडून आपापला युक्तिवाद मांडू लागले. कुणाचा अंदाज जास्त चुकला यावर तुंबळ भांडण जुंपलं. मी बघितलं तर साबण संपला होता. उरलेली पिशवी गाडीत होती. मी बाहेर आले.

गाडी सावलीत उभी होती आणि ड्रायव्हरची सीट रिकामी होती. हे मी तीन वर्षांत बघितलं नव्हतं, म्हणून मी थबकले. व्हर्लिन रस्त्यापलीकडे, रेल्वेच्या कुंपणाशी, माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याचा तो घडी घालायचा जुना फोन कानाला होता.

"हो बाई. हॅल्डनच्या ईशान्येला, सहा मैल. सात म्हणा. … नाही, पाऊस नाही. … नाही, वीजही नाही. … बाई, मी प्यालेलो नाही, मी इथे कपडे धुवायला आलोय. … लोकवस्ती नाही, नुसतं गव्हाचं रान आहे. पण तुम्ही लोकांना कळवा. कळवा तुम्ही आधी, नाव नंतर लिहा."

त्याने फोन मिटून खिशात घातला. मग मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं.

ढग अगदी साधा होता, पोरं चित्रात काढतात तसला. वर पांढरा, खाली जरासा मळका. त्याच्या बुडातून एक बारीक, फिकट सोंड निघून खाली गव्हात टेकली होती. टेकली होती तिथे माती गोल फिरत होती. बाकी सगळीकडे ऊन. तारेवर एक पक्षी गात होता आणि त्याला याचं काहीच नव्हतं. असले साध्या ढगाखालचे टोर्नाडो आमच्या पुस्तकात चौथ्या प्रकरणात, शेवटच्या दीड पानात असतात. ते न सांगता येतात आणि नकाशावर दिसत नाहीत, म्हणून परीक्षेलाही येत नाहीत.

माझा हात मागे दाराच्या मुठीवर होता. मला फक्त दार ढकलून एक हाक मारायची होती. आत बारा मुलं होती, ज्यांनी उन्हाळाभर पिझ्झाच्या दुकानात राबून या फेरीची फी भरली होती. आत टिमरमन सर होते, ज्यांच्या सहीवर माझी पाच वर्षं लटकली होती. हाक मारणं हे माझं काम होतं, त्याचेच मला पैसे मिळत होते.

व्हर्लिनने डोक्यावरची टोपी काढली. हातात धरली. कुंपणाच्या खांबाला टेकला नाही, कुठे बसला नाही, फोटो काढला नाही. नुसता उभा राहिला. सोंड हळूच वाकायची, पुन्हा सरळ व्हायची, आणि तिच्याबरोबर त्याची मान इतकीशी कलायची. त्याला हाक मारावी असंही मला वाटलं नाही आणि आतल्यांना मारावी असंही नाही. मला माहीत होतं की दार उघडलं की बारा जण त्याच्या पुढे जाऊन उभे राहतील.

मी मुठीवरचा हात काढला. मला कुणी दुसरं सांगू नये म्हणून लिहिते: विसरले नाही, गोंधळले नाही. मुद्दाम हाक मारली नाही.

पाचेक मिनिटं गेली असतील. मग हवामान कार्यालयातल्या त्या बाईने आपलं काम केलं, आणि दुकानाच्या आत तेरा फोन एकदम कोकलले. मी काचेवरच्या मांजराशेजारच्या फटीतून बघितलं. तेराच्या तेरा माना खाली गेल्या. एकानेही दाराकडे बघितलं नाही. सगळ्यांनी फोनवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा केला.

"टोर्नाडो!" कॉल्बी किंचाळला. आता शब्द उच्चारायला हरकत नव्हती. "हॅल्डनच्या ईशान्येला! सात मैल!"

"हॅल्डन? हॅल्डन कुठे आलं?" सर ओरडले. "टेस! टेस कुठे आहे? किती लांब आहे ते?"

"सर," डेव्हिना म्हणाली, "आपण हॅल्डनमध्येच आहोत."

मग दाराशी जी चेंगराचेंगरी झाली ती सांगण्यासारखी नाही. दार आत उघडणारं होतं आणि सगळे बाहेर ढकलत होते. हवामानशास्त्राचे बारा विद्यार्थी आणि एक डॉक्टर, दाराची दिशा ओळखायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. बाहेर आले तेव्हा कुणाच्या हातात ओले मोजे, कुणाच्या गळ्यात टॉवेल. कॉल्बीने यंत्रातून हिरवा शर्ट ओढून आणला होता, त्यातून पाणी गळत होतं. पण तोवर सोंड मधेच तुटली होती. वरचा तुकडा ढगात गेला, खालची माती थोडी फिरली आणि बसली. उरला एक साधा ढग.

"गाडीत! गाडीत बसा!" सर ओरडले.

व्हर्लिन कुंपणापासून आला, सीटवर बसला, पट्टा लावला, बारा डोकी मोजली. सात मैल मातीच्या रस्त्याने आम्ही गेलो. गव्हाच्या रानात एक लांबलचक पट्टा चोळामोळा झालेला दिसला, आणि धूळ. परत फिरलो. कपडे तिथेच दुकानात फिरत होते.

सरांनी फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं, "चार बेचाळीस ते चार एक्कावन्न. नऊ मिनिटं. नोंद कुणी केली तर… नागरिक." ते बाहेर बघू लागले. "असेल कुणीतरी इथला शेतकरी. अर्थात, तांत्रिकदृष्ट्या बघाल तर हा खऱ्या प्रकारात मोडत नाही. साध्या ढगाखालचा होता. याला आपण सहसा मोजत नाही."

"तुम्ही बघितलात का सर तो?" डेव्हिनाने विचारलं.

सरांनी फोन खिशात घातला. कॉल्बी ओला शर्ट मांडीवर घेऊन बसला होता. तो पुटपुटला, "मी सांगत होतो. धुवू नका म्हणून सांगत होतो."

डेव्हिना पुढे वाकली. ती खरंच हुशार आहे. "मिस्टर के," ती म्हणाली, पोरं क्रॅटोकविलचं तेवढंच करून घेत, "तुम्ही बाहेरच होतात ना?"

"होतो."

"मग तुम्ही पाहिलात?"

व्हर्लिनने रस्त्यावरून नजर काढली नाही. "पाहिला," तो म्हणाला.



"आणि आम्हाला हाक नाही मारलीत?" कॉल्बीचा आवाज चिरकला. "आम्ही पन्नास पावलांवर होतो! आठ दिवस… मिस्टर के, आठ दिवस!"

मी बोलायला हवं होतं. दार माझ्या हातात होतं, व्हर्लिनच्या नव्हतं. मी मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत बसले. इतकी धाडसी मी तेव्हा नव्हते, सही व्हायची होती.

"विसरलो," व्हर्लिन म्हणाला. "रागाव, पोरा, तुझा हक्क आहे. फोन केला तो आपोआप केला. त्यानंतर तुम्ही आत आहात हेच मी विसरून गेलो. चाळीस वर्षं मी पोरांची गाडी चालवतोय. एकदाही कुणाला विसरलो नव्हतो."

तेवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. माझ्या शेजारी बसून तो माझाही दोष स्वतःवर घेत होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं. कॉल्बीने ओला शर्ट डोक्यात घातला, कशासाठी कोण जाणे, आणि त्याच्या आतून विचारलं, "कसा होता?"

या व्हॅनमध्ये या प्रश्नाचं उत्तर कधी दहा मिनिटांच्या आत संपलेलं नाही. सगळे पुढे सरकले. सरसुद्धा.

व्हर्लिनने पुढच्या वळणावर गाडीचा वेग कमी केला, दोन्ही बाजू बघितल्या, वळण घेतलं.

"चौदा वर्षं तुम्ही सगळे गाडीत परत बसलात की तासतासभर सांगायचात," तो म्हणाला. "मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, पोरं आहेत, तिखटमीठ लावून सांगतायत." त्याने मनगटाने डोळे पुसले. "फार कमी सांगत होतात रे तुम्ही."